याची जिवाणी कुठे सोडायची?

बालाघाटला समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचं पुस्तक लागत नाही. आमची वैनगंगा आहे. ती पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमचं पाणी समुद्राकडे जातं, समुद्र काही उलटा चढून येत नाही. तरीही गेली चार वर्षं आमच्या बैठकीत, जिथे पूर्वी सासूबाईंचं शिसवी कपाट होतं तिथे, २०० लिटर समुद्र आहे. धाकट्याने हौसेने उभा केला. दोन वर्षांनी नोकरीसाठी तो पुण्याला गेला आणि समुद्र माझ्या पदरात पडला. यात नवल काही नाही. ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत त्या बायकांनी आपापल्या घरात नजर फिरवावी. कुणाकडे लॅब्रेडॉर असेल, कुणाकडे गच्चीभर निवडुंगाच्या कुंड्या. मुलं जातात, त्यांच्या हौशी मागे राहतात, आणि हौशींना वेळेवर खायला घालावं लागतं.

समुद्र सांभाळणं म्हणजे स्वयंपाकच आहे, फक्त मोजून करायचा. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. आपलं खायचं मीठ नाही, त्यासाठी मिळणारं वेगळं मीठ, ज्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार असतात. दर आठवड्याला २० लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच नवीन भरायचं, म्हणजे ७०० ग्रॅम मीठ. मधल्या दिवसांत जे पाणी उडून जातं त्याच्या जागी मात्र गोडं, आरओचं पाणी घालायचं, कारण वाफ होऊन पाणी जातं, मीठ तिथेच राहतं. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमटी आटली की खारट होते हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. पाण्याचं तापमान २५-२६ अंश. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि वीज कधी दगा देईल सांगता येत नाही, तेव्हा इन्व्हर्टर आधी समुद्राला, मग माणसांना, असा नियम धाकटा जाताना घालून गेला.

त्यात राहतं कोण? दोन क्लाउनफिश, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, 'फाइंडिंग नीमो' सिनेमामुळे पोरासोरांना ठाऊक असलेले. आणि मऊ जातीचे प्रवाळ: झोअँथिड नावाचे, बटणांच्या फुलांसारखे गुच्छ, आणि मशरूम. दगडासारखे सांगाडे करणारे प्रवाळ आमच्याकडे नाहीत. २००१ साली सरकारने ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे थेट आमच्या कान्हाच्या वाघाच्या पंगतीला बसवले. हे मला कळलं तेव्हा बोटातल्या पोवळ्याच्या अंगठीकडे मी जरा वेळ बघत राहिले. ती आजेसासूबाईंची, कायद्याच्या कितीतरी आधीची.

तर गेल्या चैत्रात एका दगडाच्या खोबणीत मला एक नवीन फूल दिसलं. फिक्कट चहाच्या रंगाचं, जवळजवळ पारदर्शक, बारीक देठ आणि वर केसांसारख्या लांब पाकळ्या, पाण्यासोबत हलणाऱ्या. मला ते आवडलं. फोटो काढून धाकट्याला पाठवला. दोन मिनिटांत फोन आला, "आई, ते फूल नाही. आयप्टेशिया आहे. कीड आहे ती. अजून किती दिसतात बघ."

रात्री दिवे घालवून टॉर्चने बघितलं तेव्हा अकरा होती. श्रावणात त्रेपन्न झाली.

मराठीत याच्या कुळाला समुद्रपुष्प म्हणतात, आणि नाव देणारा माझ्यासारखाच फसला असावा. हा प्राणी आहे. खाली चिकटायला पाय, मध्ये पोट, वर तोंड, तोंडाभोवती हात. हातांवर दंश करणाऱ्या पेशी. पाण्यातून वाहत येणारं काहीही त्याला चालतं, आणि ते नाही मिळालं तर अंगातल्या सूक्ष्म शैवालाने उजेडावर केलेल्या अन्नात भागवतं. शेजारच्या प्रवाळाला हात लागला की त्याला भाजतं. आमच्याकडचं मूळ बहुधा नागपूरहून जुने घेतलेल्या दगडांतून आलं. सिमेंटचे बनवलेले सच्छिद्र दगड आहेत ते, त्यांच्या भोकांत एखादं मोहरीएवढं बसलं असेल. तेवढं पुरतं. कारण याला वाढायला जोडीदार लागत नाही. जागा बदलताना पायाचा एखादा तुकडा मागे राहिला की त्या तुकड्याचा नवा जीव होतो. चिमटीने ओढायला जावं तर ते टचकन भोकात शिरतं, आणि चिरडलं तर एकाचे चार होतात. आपल्याकडे रक्तबीजाची गोष्ट सांगतात, ती मी आयुष्यात पहिल्यांदा अशी घरबसल्या पाहिली.

आणि गंमत अशी की हे नीमोचं सासर आहे. क्लाउनफिश समुद्रात राहतो तो समुद्रपुष्पाच्याच कुशीत, त्याच्या दंशाचा त्याला त्रास होत नाही. ती मोठी, देखणी जात लोक हजारो रुपये मोजून आणतात. ही तिचीच गरीब नातेवाईक, न बोलावता आलेली, म्हणून कीड. पाहुण्यांच्या बाबतीत आपलं वागणं याहून फार वेगळं नसतं, असो.

उपाय सांगणाऱ्यांची वाण पडली नाही. पहिला उपाय धाकट्याचा, आणि तो ऐकून मी चकित झाले, कारण तो पानाच्या डब्यातला होता. चुना. विझवलेल्या चुन्याची दाट लापशी सिरिंजमध्ये भरायची, पंप बंद करायचा आणि थेट त्या जीवाच्या तोंडावर सोडायची. ते अन्न समजून गिळतं, चुना दाहक असतो, आतून जळतं. हाच चुना पातळ करून, म्हणजे आपली चुन्याची निवळी, प्रवाळाच्या टाकीत थेंब थेंब सोडतात, कारण प्रवाळाला कॅल्शियम लागतं. एकाच डबीतून एकाचं टॉनिक आणि दुसऱ्याचं विष. एका दिवशी तीन-चारच जाळायचे, नाहीतर सगळ्या पाण्याचा गुण बदलतो.

दुसरा उपाय तांब्याचा. माशांच्या रोगावरच्या काही औषधांत तांबं असतं आणि ते पाण्यात पडलं की समुद्रपुष्पं मरतात. तांब्याची आम्हाला काय वानवा, मलाजखंडची खाण आमच्याच जिल्ह्यात. पण तांबं आपलं-परकं बघत नाही. कणा नसलेल्या बहुतेक समुद्री जिवांना ते घातक, प्रवाळही जातात, आणि दगडांत मुरलं की पुढे कितीतरी दिवस पाण्यात सुटत राहतं. तो उपाय निकालात निघाला.

शेजारच्या भाभींनी सुचवलं, दगड काढून उकळत्या पाण्यात टाका. हे मात्र मी इथे ठळक लिहिते, कारण घरात लहान मुलं असतात आणि असली टाकी आता छोट्या गावांतही दिसते: झोअँथिड असलेला दगड कधीही उकळू नये. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. दगड उकळल्यामुळे वाफेतून ते घरभर पसरून अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेल्याची उदाहरणं परदेशात आहेत. त्यांना हात लावतानासुद्धा हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. कुत्र्या-मांजराच्या आणि पोरांच्या हाती लागेल असं तर काही ठेवूच नये.

मग राहिला तो उपाय ज्याला सगळे 'नैसर्गिक' म्हणतात. एक पेपरमिंट नावाचा झिंगा असतो, तो रात्री निघून ही बारकी समुद्रपुष्पं खातो. लांब चोचीचा एक फुलपाखरी मासा खातो, पण तो इतका नाजूक की पुष्कळदा परक्या टाकीत अन्नाला तोंडच लावत नाही आणि उपाशी मरतो. आणि एक बर्गिया, शंख नसलेली समुद्री गोगलगाय, जेमतेम बोटाच्या पेराएवढी, जी आयप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही. धाकटा म्हणाला, "आई, तुझ्यासाठी हेच बरं. तुला काही मारायचं नाही. झिंगा मागवतो, तो त्याचं जेवण जेवेल. तुझा धर्मही शाबूत."

मी कारंज्याची. कारंजा लाडला ज्यांचं बालपण गेलं त्यांना माहीत आहे, आमच्याकडे पाठशाळेत पाढ्यांच्या आधी हे शिकवतात की हिंसा तीन दारांनी आत येते. कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केली, दुसऱ्याकडून करवली, किंवा दुसऱ्याने केलेलीला मान डोलावली. झिंगा मागवणं हे दुसरं दार आहे, आणि पैसे मोजून उघडलेलं. शिवाय बर्गियाचं पुढे काय? ती शेवटचं आयप्टेशिया खाते आणि मग टाकीभर पाण्यात तिला खायला काही उरत नाही. हौशी लोक तिला पुढच्या घरी देतात, म्हणे. बालाघाटात पुढचं घर कुठलं?

माझं म्हणणं ऐकून घरातल्या कर्त्या पुरुषाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, वकिली केली. हिंसेचे चार प्रकार त्यांनाही पाठ आहेत: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. घर झाडताना, चूल पेटवताना होते ती आरंभी. शेती-धंद्यात होते ती उद्योगी. स्वतःच्या-दुसऱ्याच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. या तीन श्रावकाला पूर्ण सुटत नाहीत. ठरवून मारणं ती संकल्पी, ती सोडायचीच. ह्यांचा मुद्दा असा की प्रवाळाच्या रक्षणासाठी आयप्टेशिया मारणं ही विरोधी हिंसा. मी म्हटलं, प्रवाळाला आपण आणलं, दगड आपण आणला, दोघांना एका काचेत आपण कोंडलं. हा शत्रू कुणी घरात घातला? तेवढ्यावर ते वर्तमानपत्रात शिरले.

पण धाकट्याचा मुद्दा मला असा उडवून लावता आला नाही. तो म्हणाला, "तू काहीच केलं नाहीस तर झोअँथिड मरतील. ते पण जीवच आहेत ना? मग ते कुणाच्या खात्यात?" खरं आहे. टाकी ही नदी नाही, तिथे काही न करणं हीसुद्धा निवडच असते.

आणि त्यांचं वर्गीकरण तरी कसं लावायचं? आपल्या जुन्या ग्रंथांत प्रवाळ येतो तो पृथ्वीकायिकांच्या यादीत. श्वेतांबर परंपरेतल्या 'जीवविचार' प्रकरणात स्फटिक, मणी, रत्नं यांच्या बरोबरीने पोवळं मोजलेलं आहे. म्हणजे एकेंद्रिय, स्पर्शापुरता जीव. विज्ञान म्हणतं तो प्राणी आहे, समुद्रपुष्पाचा सख्खा चुलतभाऊ. पण विज्ञानालाही हे उशिरा कळलं. अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने प्रवाळ ही वनस्पती नसून त्यात प्राणी राहतात असं सांगितलं, तर पॅरिसच्या विद्वानांनी आधी ते मानलंच नाही. तोवर युरोपात प्रवाळाला झाड समजायचे. दगड समजणाऱ्या आपल्या पूर्वजांनी निदान त्यात जीव धरला होता, याचं मला कौतुक वाटतं. आयप्टेशियाला मी माझ्या हिशेबाने द्वींद्रिय धरते, शंख-अळीच्या रांगेत. स्पर्श त्याला कळतोच, आणि पाण्यात अन्न मिसळलं की ते हात लांब करतं, म्हणजे चवही कळत असणार. पाठशाळेतल्या बाई असत्या तर त्यांच्याशी यावर वाद घातला असता.

या सगळ्या खलात सासूबाई एकदाच बोलल्या. वय चौऱ्याऐंशी, दुपारी टाकीसमोर आरामखुर्चीत बसतात. म्हणाल्या, "अगं, ते मासे खातात काय?"

कुणी विचारलं नव्हतं. भाभी, जावा, नणंद, देवळातल्या बायका, सगळ्यांनी मला त्या त्रेपन्न जिवांची कणव शिकवली, पण कपाटातल्या डब्याचं झाकण कुणी उघडून पाहिलं नाही. त्या डब्यातले दाणे माशांच्या पिठाचे आहेत. पूर्वी धाकट्याने त्याचा वेगळा छोटा फ्रीज ठेवला होता, त्यात गोठवलेल्या बारीक झिंग्यांच्या वड्या असायच्या. क्लाउनफिश मिश्राहारी आहे, समुद्री शेवाळ खातो, पण नुसत्या शेवाळावर त्याचं भागत नाही. माझ्या स्वयंपाकघरात कांदा येत नाही आणि बैठकीत हा डबा आहे. दोन वर्षं तो मी रोज उघडते आहे, जाणूनच. ज्या दोघांना घरात आणलं त्यांना माझ्या व्रतापायी उपाशी ठेवणं मला जमणार नाही. सासूबाईंना मी खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, तीत होकार होता की दुसरं काही ते मला अजून कळलेलं नाही, आणि जपमाळ पुढे सुरू केली.

त्या रात्री मला जिवाणी आठवली. नव्या मुलींना हा शब्द कदाचित माहीत नसेल. माझी आजी विहिरीचं पाणी दुहेरी जाड कापडातून गाळायची. कापडावर जे सूक्ष्म जीव अडकतात त्यांना जिवाणी म्हणतात. ते मोरीत झटकायचे नाहीत. गाळलेलंच पाणी उलट बाजूने ओतून ते भांड्यात उतरवायचे, आणि तळाला कडी असलेल्या बादलीने सावकाश विहिरीच्या पाण्यापर्यंत सोडून तिथे कलते करायचे. वरून धाडकन ओतायचे नाहीत, आपटून मरतात म्हणून. आणि विहीर तीच हवी. या विहिरीची जिवाणी त्या विहिरीत नाही. आजीला प्राणिशास्त्र येत नव्हतं, पण एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात टाकू नये हे तिला पक्कं माहीत होतं.

याची जिवाणी मी कुठे सोडू? वैनगंगेत सोडली तर गोड्या पाण्याने तत्काळ मरेल. मुंबईला जाऊन समुद्रात सोडावी तर कुठल्या समुद्रातून कुठल्या टाकीत फिरत आलेला हा जीव, तिकडच्या खडकांवर काय करेल कोण जाणे. टाकीतलं काहीही समुद्रात सोडू नये, हा तर या छंदाचा पहिला नियम. त्याची विहीर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून मी पांजरपोळ काढला. हसू नका. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा, माझा यंदाच्या भाद्रपदातला. वीस लिटरचा पांढरा टब, छोटा हीटर, हवेचा पंप, वर एक एलईडी दिवा. ज्या दोन दगडांवर सर्वांत जास्त गर्दी होती ते हातमोजे घालून, न खरवडता, टाकीतल्याच पाण्यासकट उचलून टबात ठेवले. पाणी बदलायच्या दिवशी टाकीतून काढलेलं पाणी त्यांना. टाकीतलं अन्न निम्मं केलं. दाणे मोजून, मासे टिपतील तेवढेच, तळाला काही पडू द्यायचं नाही. याने आयप्टेशिया मरत नाही, उजेडावर तगून राहतं, पण वाढ मंदावते. खालच्या मोठ्या दगडावर जे उरले तो दगड हलवता येत नाही, तेव्हा झोअँथिडचे गुच्छ तिथून काढून वरच्या बाजूला नेले, हातभर अंतरावर. एक गुच्छ त्याआधीच भाजला होता, तो मिटला तो उघडला नाही. आठ दिवसांनी त्याला काढलं. ते माझ्या खात्यात आहे, धाकट्याला मी तसं सांगितलं.

त्याला हा सगळा प्रकार पटलेला नाही. "आई, हे वाढतच राहणार. किती टब ठेवशील?" प्रश्न बरोबर आहे. त्यात समुद्रपुष्पांना म्हातारपण फारसं शिवत नाही म्हणतात. १८२८ साली स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियल यांनी नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणून काचेच्या बरणीत ठेवलं, वेगळ्या जातीचं, लालसर. डॅलियल १८५१ मध्ये वारले. बरणी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, तिला लोक 'ग्रॅनी', म्हणजे आजी म्हणू लागले. आजीने शेकडो पिलं दिली आणि ती गेली १८८७ साली. एकोणसाठ वर्षं बरणीत, आणि सांभाळणारे बदलत गेले. हे मी सुनेला फोनवर सांगितलं तर ती घाईघाईने म्हणाली, "आई, आमच्या फ्लॅटमध्ये जागाच नाहीये हो."

तेव्हा मी धाकट्याला दोन गोष्टी कळवल्या आहेत. एक, या टाकीत यापुढे नवीन काही येणार नाही. दगड नाही, प्रवाळ नाही, झिंगा तर नाहीच. आहेत ते मासे त्यांचं आयुष्य इथे पूर्ण करतील, त्यांचा डबा मीच उघडेन. क्लाउनफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. दोन, दिवाळीला येताना त्याने सिरिंज आणू नये.

"आणि खालच्या मोठ्या दगडावरचे?" त्याने विचारलं.

काल रात्री टॉर्चने मोजले. चौदा आहेत. महिन्यापूर्वी सोळा होते. टबात मात्र एकसष्ट झालेत, आणि टबाच्या उभ्या प्लास्टिकवर, दगड सोडून, पहिलं बारकं जिऱ्याएवढं चिकटलेलं दिसलं. गोंदियाला हे उद्या कामाने जाणार आहेत, त्यांना अजून एक टब आणायला सांगितलाय, झाकणाचा.